वरून चौथा

“या खेपेलाही रिपोर्ट नॉर्मलच आला तर मला सांगू नका,” बायको म्हणाली. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीतून मोठ्या कात्रीची मूठ बाहेर आलेली. दोन जिने उतरून झाले होते, एक उरला होता. त्याला आधी वाटलं, चपलेत खडा गेला असेल. चढताना माणूस दमतो हे समजण्यासारखं आहे. उतरताना दमणाऱ्याला काय म्हणायचं हे त्याला कळेना, आणि कळेनासं झालं की तो घड्याळ बघायचा, तसं त्याने बघितलं. तिनेही ते पाहिलं. “व्हा पुढे तुम्ही. मी येते सावकाश,” असं म्हणून तिने भिंतीला डोकं टेकलं, आणि तो खरोखरच पुढे झाला. सव्वीस वर्षं संसार केल्यावर माणसाने बायकोला असं जिन्यात बसवून जाऊ नये, हे त्याला बसस्टॉपवर पोचल्यावर सुचलं. त्याला बऱ्याच गोष्टी बसस्टॉपवर सुचत. परत फिरावं तर बस समोर दिसत होती.

लॅबमध्ये यंत्रं सुरू झाली होती. रोज अडीचशे माणसांचं रक्त त्याच्या हाताखालून जायचं, नावापुरतं. खरं तर नळ्यांवरच्या चिकटपट्ट्या जायच्या. यंत्र आकडे काढायचं, तो पडद्यावर ते तपासून पुढे सोडायचा, मग मॅडम सही करायच्या. मॅडम म्हणजे लॅबच्या डॉक्टर. आकडा मर्यादेबाहेर गेला की शेजारी एक तारा उमटायचा, आणि तारा दिसला की तो थांबायचा. तारा नसला की बोट आपोआप कळ दाबायचं. बावीस वर्षांत त्याचे डोळे आकडे वाचायचे सोडून तारेच वाचायला लागले होते. बायकोचं रक्त त्याने काल घरीच काढलं होतं. नऊच्या सुमाराला तिची ओळ वर आली. एसजीपीटी चव्वेचाळीस. यकृताच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातलं हे रसायन रक्तात उतरतं, म्हणून ते मोजायचं. मर्यादा अठ्ठेचाळीसपर्यंत. तारा नव्हता. त्याचं बोट कळेवर गेलं आणि तिथेच राहिलं. सांगू नका म्हणाली होती. पण न सांगणं म्हणजे तेच सांगणं झालं, हे तिलाही कळत असणार. ही तिसरी खेप. आठ महिन्यांपूर्वी ती दमायला लागली तेव्हा पहिला रिपोर्ट घेऊन तो शाळेचा निकाल आणावा तसा घरी गेला होता, “पास झालीस” म्हणाला होता. ती हसली होती. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला होता, मनाचं असतं गं कधीकधी, वयाचंही असतं. तेव्हापासून तिने दमले म्हणणंच बंद केलं होतं. ती उठायची, डबे भरायची, दुकानात जाऊन लोकांचे तयार कपडे त्यांच्या अंगाबरहुकूम आवळायची नाहीतर सैल करायची, घरी येऊन उरलेलं काम काढायची, आणि रात्री दहा वाजेपर्यंत पाठ टेकायची नाही. पूर्वी दुपारची घटकाभर पडायची. रिपोर्ट चांगला आल्यापासून तेही गेलं. ठणठणीत बाईने दिवसाउजेडी पडायचं म्हणजे लोक काय म्हणतील, असं ती एकदा म्हणाली. लोक म्हणजे घरात तो एकटाच होता, हे त्या वेळी त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

खरं तर ताऱ्यांशी त्याचं नातं जुनं होतं. त्याचे स्वतःचे डोळे पिवळसर, लहानपणापासून. शाळेत त्याला हळद्या म्हणायचे. जागरण झालं, उपाशी राहिलं की पिवळेपणा वाढायचा आणि आई त्याला हाताला धरून या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे न्यायची, कडू काढे पाजायची, तेलकट बंद करायची. भाऊबहिणी तळलेलं खात असताना तो फिकं वरणभात चिवडत बसायचा. रक्तातलं ते पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, दोनच्या वर, मर्यादा सव्वाच्या आत, शेजारी तारा. दर वेळी तारा, आणि दर वेळी त्याला काहीही झालेलं नसायचं. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याला पाठीवर थाप मारून सांगितलं की याची ही प्रकृती आहे, विकृती नव्हे, याला हाच आकडा ठीक, आणि तसं पत्र लिहून दिलं. लग्नाचं बघत होते तेव्हा ते पत्र उपयोगी पडलं. दोन ठिकाणांहून डोळे बघूनच नकार आला होता. तिसऱ्या ठिकाणी मुलीच्या वडिलांनी रिपोर्ट मागितला, तारा पाहिला, पत्र वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. मुलगी आतून ऐकत होती. तिने बाहेर येऊन वडिलांना सांगितलं की त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर असेल तर झालं, सगळ्यांना एकच माप कसं बसेल. ती तेव्हाही शिवणकामच करत होती. तयार कपड्यांच्या मापावर तिचा राग होता. शंभर बायकांची मापं काढून सरासरी धरायची आणि मग ती एकीलाही बसत नाही, असं ती म्हणायची, आणि वर म्हणायची की बसत नाही म्हणून तर माझं पोट भरतं. ‘एकच माप कसं बसेल’ या एका वाक्यावर त्याचं लग्न झालं होतं. पडद्यावरचा चव्वेचाळीस अजून तिथेच होता. त्याने कळ दाबली.

अकराच्या सुमाराला खालून बोलावणं आलं, काउंटरवर एक गृहस्थ ऐकत नाहीत. गृहस्थ पन्नाशीचे होते, भांडखोर वगैरे अजिबात नव्हते, नुसते थकलेले दिसत होते. दोन्ही हातांत एकेक कागद धरून उभे. परवा समोरच्या रस्त्यापलीकडच्या लॅबमध्ये तपासलं, काल इथे तपासलं. दोन्हीकडे आकडा चव्वेचाळीस, पण तिथे चाळीसच्या वर तारा देतात म्हणून तिथे तारा, इथे नाही. “म्हणजे तिथे मी आजारी. रस्ता ओलांडून इथे आलो की बरा. मग मी राहू कुठे, रस्त्यात?” असं ते म्हणाले, आणि काउंटरवरच्या बाईला हसू फुटलं. तोही हसला. सकाळचा पडद्यावरचा चव्वेचाळीस डोळ्यांसमोर आला होता, तरी हसला. मग नेहमीचं उत्तर त्याने नेहमीच्या आवाजात दिलं: प्रत्येक लॅबची मर्यादा स्वतःची असते, यंत्रं वेगळी, रसायनं वेगळी, शिवाय ज्या निरोगी माणसांवरून ती मर्यादा ठरवतात ती माणसं वेगळी. गृहस्थांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग कागदावरच्या अठ्ठेचाळीसवर बोट ठेवून म्हणाले, “तुमची ही निरोगी माणसं कोण होती?” त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तो म्हणाला, जुनी गोष्ट आहे, बघून सांगावं लागेल, आणि त्यांचा फोन नंबर लिहून घेतला. पण त्याला काही बघावं लागणार नव्हतं. जिना चढता चढताच ती माणसं एकेक करून त्याच्या समोर यायला लागली होती.

दहा वर्षांपूर्वी हे यंत्र नवं आलं तेव्हा मर्यादा नव्याने ठरवायची होती. पुस्तकातली आयती घेता आली असती, पण मॅडमचं म्हणणं, आपली मर्यादा आपल्या माणसांवरून काढू. एकशेवीस निरोगी माणसं जमवायची, प्रत्येकाकडून प्रश्नांचा कागद भरून घ्यायचा, रक्त काढायचं, आकडे चढत्या क्रमाने ओळीत लावायचे. खालचे तीन सोडायचे, वरचे तीन सोडायचे. मधल्या एकशेचौदा जणांचं ते नॉर्मल. म्हणजे वरून जो चौथा, त्याच्या आकड्यावर रेघ. ऐकायला सोपं होतं, पण निरोगी माणसाला फुकट रक्त द्यायला बोलवून बघा. आजाऱ्यांची रांग असते, निरोगी माणसाला वेळ नसतो. तीन आठवडे तो ओळखीपाळखीच्या प्रत्येकाच्या मागे लागला होता. बायकांची रेघ खरं तर वेगळी काढायला हवी होती, त्यांचे आकडे खालीच असतात. पण मग आणखी एकशेवीस लागले असते, म्हणून बायका-पुरुष एकाच ओळीत घातले. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत यादी द्यायची होती आणि गुरुवारी एकशेपंधरा झाले होते. त्या दिवशी बायकोने कंबर कसली. ती स्वतः आधीच देऊन बसली होती. आता तिने दुकानातली इस्त्रीवाली आणली आणि आपल्या धाकट्या भावाला कामावरून उचलून आणलं. उरलेल्या तीन जागा त्याने भरल्या, लॅबच्या गाडीचा ड्रायव्हर आणि इमारतीचे दोन पहारेकरी. मेव्हण्याने मान खाली घालून प्रश्नांचा कागद भरला. दारू घेता का, या प्रश्नाशी त्याचं पेन थांबलं. बहीण शेजारी उभी होती. त्याने ‘नाही’ लिहिलं आणि कागद पुढे केला. मेव्हणा रोज घेतो हे त्याला माहीत होतं. दोनदा त्यानेच त्याला रिक्षातून घरी सोडलं होतं, बायकोला कळू न देता. ड्रायव्हर आणि पहारेकऱ्यांचं पिणं तर कुणापासून लपलेलं नव्हतंच. पण यादी भरत आली होती, बायको घामेजल्या चेहऱ्याने उभी होती, आणि बहिणीसमोर भावाचं काढणं बरं दिसलं नसतं. त्याने कागद घेतला. एकशेवीस झाले. मॅडमनी सगळ्यांना चहा पाजला.

ते रजिस्टर फॉर्मच्या रिकाम्या गठ्ठ्यांमागे होतं, साठवणीच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात. त्याने खोलीचं दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसून ते उघडलं. अक्षर त्याचंच, तेव्हा बरं होतं. शेवटच्या पानावर तळापासून वर चढत गेलेली ओळ, प्रत्येक आकड्यापुढे माणसाचा अनुक्रमांक. सगळ्यात वर एक पहारेकरी, मग ड्रायव्हर, मग दुसरा पहारेकरी. हे तीन नियमाप्रमाणे सुटलेले. वरून चौथा, अठ्ठेचाळीस, मेव्हणा. त्याच्या लगेच वर लाल शाईची रेघ, पट्टीने मारलेली. पाचवा थेट एकोणचाळीस. त्याने खिशातलं पेन काढून त्याने वरचे चारही झाकले, पुन्हा तीन सोडले आणि मोजलं. रेघ छत्तीसवर आली. त्याने पुन्हा मोजलं, कारण मोजण्यात चूक असली तर बरं होईल असं त्याला वाटत होतं. दहा वर्षं गावभराचं नॉर्मल मेव्हण्याच्या पेल्यावर चाललं होतं. तो मेव्हणा आता सात वर्षांत थेंबाला शिवलेला नाही, दूरच्या शहरात असतो, पहाटे उठून पळतो आणि फोनवर सगळ्यांना पाणी प्या म्हणून सांगतो. त्याला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मग त्याने तिचा अनुक्रमांक शोधला. सत्त्याऐंशी. तो दिवस त्याला आठवला, तिची शीर सापडत नव्हती आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली होती, लोकांना एका सुईत काढता, घरच्या माणसाला तीन वेळा टोचता. अनुक्रमांक सत्त्याऐंशी ओळीत अगदी तळाशी होता, खालून सोडलेल्या तिघांच्या लगेच वर. आकडा चौदा.

चौदा. आणि गेल्या आठ महिन्यांत एकोणचाळीस, एक्केचाळीस, चव्वेचाळीस. त्याच यंत्रावर, त्याच हाताने. चौदाचं चव्वेचाळीस झालं होतं आणि तो तिला पास झालीस म्हणाला होता. स्टुलावर बसल्या बसल्या त्याला एकदम खूप थकवा आला. आणि हाच जर तिला रोज सकाळी जिन्यात येत असेल तर, असं मनात आलं. त्याच्या दोनला जगाने तारा दिला तेव्हा एका बाईने बाहेर येऊन सांगितलं होतं की त्यांचं त्यांच्यापुरतं बघा. तिच्या चौदाला तो विसरला होता. माहीत नसणं वेगळं. हे त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या. त्याने रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवलं आणि चारही आकड्यांवर बोट ठेवून कोण कोण ते आणि चौघंही पिणारे हे सांगितलं. त्यांनी बराच वेळ पान पाहिलं. कोणाकोणाला माहीत होतं, असं विचारलं. तो म्हणाला, नाक असलेल्या सगळ्यांना. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. रोज अडीचशे, दहा वर्षं, एवढंच त्या पुटपुटल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या की उद्यापासून ही रेघ वापरायची नाही, आणि छत्तीस ते अठ्ठेचाळीसमधले जेवढे सापडतील तेवढे काढून एकेकाला फोन करायचा. पहिला फोन त्याने तिथूनच केला, त्या गृहस्थांना. समोरच्या लॅबचा तारा खरा धरा आणि डॉक्टरांना दाखवा, असं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, निदान एका बाजूला तरी राहता येईल. त्यानंतर त्याने बायकोचे चारही आकडे एका कोऱ्या कागदावर लिहून मॅडमपुढे सरकवले. त्यांनी ते वाचले आणि चष्मा वर केला. “काहीतरी आहेच असं यावरून म्हणता येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण नाही असं आता मी म्हणणार नाही. सोमवारी तिला घेऊन ये. आणि आज घरी जा लवकर.”

बस रिकामी होती आणि त्याला खिडकी मिळाली. काय सांगायचं याची त्याने जुळवाजुळव करून पाहिली. यंत्राची चूक म्हणता आलं असतं, तिला काय कळणार होतं. मर्यादा बदलल्या म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं, उद्यापासून बदलणारच होत्या. मेव्हण्याचं नाव घ्यायची गरजच नव्हती. प्रत्येक वाक्य तो मनात म्हणून बघायचा आणि प्रत्येकात त्याला स्वतःचा काउंटरवरचा आवाज ऐकू यायचा. तिसऱ्या मजल्यावर दार लोटलेलंच होतं. ती जेवणाच्या टेबलाशी बसून शेजाऱ्यांच्या पॅंटचे टाके उसवत होती, कोपरं टेबलावर टेकलेली, हनुवटी जवळजवळ कापडाला लागलेली. तो लवकर आलेला पाहून ती ताठ बसली. आठ महिने तो आला की ती अशीच ताठ बसत होती, हेही त्याला आजच दिसलं.

“नॉर्मल नाहीये,” तो दारातूनच म्हणाला.

तिने पॅंट खाली ठेवली. मग त्याने सगळं सांगितलं, जुळवलेलं काहीच कामाला आलं नाही, शेवटापासून सुरुवातीकडे गेला, चव्वेचाळीस, मग चौदा, मग रजिस्टर. रेघेपाशी आल्यावर तो थांबला. अठ्ठेचाळीस कुणाचे, तिनेच विचारलं. “तुझ्या भावाचे,” तो म्हणाला. “तो तेव्हा घ्यायचा. मला माहीत होतं. तरी मी कागद घेतला.”

“मलाही माहीत होतं,” ती म्हणाली. “म्हणून तर शेजारी उभी राहिले होते. ‘नाही’च लिहितोय ना, ते बघायला. तुमची माणसं कमी पडत होती.”

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. मग तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, “म्हणजे मी नाटक करत नव्हते?”

“नाही.”

“आळसही नव्हता.”

“नाही गं.” सोमवारचं, मॅडमचं, काही नसेलही आणि असलं तर लवकर कळलं म्हणायचं, असं सगळं तो पुढे बोलत होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने पॅंटची घडी घातली, टाचण्या मोजून डबीत ठेवल्या, टेबलाला हात टेकून उभी राहिली. “मग मी जरा पडते,” ती म्हणाली. सहा वाजायचे होते, बाहेर लख्ख उजेड होता. आतल्या खोलीत पलंग करकरला आणि नंतर काही आवाज आला नाही. थोड्या वेळाने तो पाणी घेऊन गेला तर ती भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती, पायांत अजून घरातल्या चपला. त्याने त्या काढल्या. पडदा ओढला. आता त्याला भीती वाटली, सकाळपासून जी वाटायला हवी होती ती, आणि ती रात्रभर राहणार हे त्याला कळलं. तो येऊन टेबलाशी बसला. जिन्यात पावलं वाजली तशी बेल वाजू नये म्हणून त्याने उठून आधीच दार उघडलं. शेजारी पॅंट न्यायला आले होते. झाली का, त्यांनी विचारलं.

“नाही झाली,” तो हळू आवाजात म्हणाला. “तिला बरं नाहीये.”